माजलगाव, २ एप्रिल १९९६ : एका ध्वनिमुद्रणाचा माग

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत २ एप्रिल १९९६ रोजी काही बायकांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. एवढे विधान निःशंकपणे करता येते, कारण त्याला लेखी नोंदीचा आधार आहे. त्या दिवशी मंगळवार होता, हे पंचांगावरून काढता येते. बाराच दिवसांनी १४ एप्रिल, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांची जयंती होती, हेही पंचांगच सांगते. जयंती जवळ आल्यामुळेच बाबासाहेबांवरच्या ओव्या ओठांवर आल्या असाव्यात, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. तारखा जवळजवळ आहेत इतकेच सिद्ध आहे, कारण सिद्ध नाही.

तुलनेसाठी बाजारातले एक ध्वनिमुद्रण घेऊ. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडचा पहिला अल्बम १९८८ साली निघाला. अशा अल्बमचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती कंपनीचे नाव असते, प्रकाशनाचे वर्ष असते, वेष्टनावर गीतकार आणि वादक कोण हे छापलेले असते. माजलगावच्या ध्वनिफितीला वेष्टन नव्हते, बाजार नव्हता. तिच्यासोबत आहे ती एक कोरडी नोंद: गायिकेचे नाव, गाव, वस्ती, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलेबाळे, व्यवसाय आणि तारीख. त्या दिवशी गाणाऱ्या राधाबाई बोऱ्हाडे यांचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले ते या नोंदीमुळे. लोकगीतांच्या जुन्या संग्रहांशी तुलना केली की या रकान्यांचे मोल कळते. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांचे अनुभव ओवीरूपाने एकत्र आले, पण तिथे ओवी असते आणि तिच्यामागची बाई नसते. इथे बाईला नाव आहे, पत्ता आहे आणि आवाजही आहे.

ही नोंद केली कुणी? पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या संशोधकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम १९८०च्या दशकात हाती घेतले. पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागातल्या कष्टकऱ्यांच्या संघटनकार्यातून ते उभे राहिले, आणि गावागावांतल्या कार्यकर्त्या बायकांनी ते वाढवले. पुढे ते महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पोहोचले आणि लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को, नेदरलँड्सचे सरकार आणि एक युरोपीय प्रतिष्ठान यांचे अर्थसाहाय्य प्रकल्पाला मिळाले. माजलगावची तारीख या चौकटीत नेमकी बसते. वहीत ओवी उतरवून घेण्याला पेन पुरते. गावोगाव यंत्र नेऊन आवाज टिपायला पैसा लागतो. मराठवाड्यातला हा मुक्काम त्या साहाय्यामुळे शक्य झाला असावा. हे अनुमान आहे, पण सबळ आहे.

यंत्रामागे कोण बसले होते, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. संगणक आणि संगीत या दोन्ही शास्त्रांत काम करणारे फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकल्पात आले, त्यांनी संहितांची माहितीसूची रचली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले, असा प्रकल्पाच्या परिचयात उल्लेख आहे. १९९६ हे साल ‘उत्तरार्धात’ या शब्दात मावते. तेव्हा त्या दिवशीचे यंत्र बेल यांचेच असण्याचा संभव मोठा. तरीही साल जुळणे आणि माणूस त्या अंगणात हजर असणे यांत अंतर आहे, आणि ते आपण राखले पाहिजे.

आता खुद्द पुराव्याकडे, म्हणजे ध्वनिफितीकडे वळू. कागदावर ओवी दोन ओळींची असते. गाताना ती तशी राहत नाही. एक बाई अर्धा चरण उचलते, दुसरी तो झेलते, तोच तुकडा पुन्हा येतो, मध्ये ‘गं’ आणि ‘बाई’ येतात, श्वासाला जागा मिळते. जात्याचा फेरा जेवढा लांब, तेवढा चरण लांबतो. लिहून घेणारा अर्थासाठी हे सगळे गाळतो. ध्वनिफीत काही गाळत नाही. म्हणून संहिता आणि आवाज हे एकाच गोष्टीचे दोन वेगळे पुरावे मानावे लागतात: ओवी काय सांगते ते पहिल्यातून कळते, ती कशी घडते ते दुसऱ्यातून.

भीमनगरच्या बायकांनी बाबासाहेबांवर, त्यांच्या पत्नी रमाबाईंवर, बुद्धावर ओव्या गायल्या. इथे या शोधातला सर्वांत मोलाचा प्रश्न समोर येतो. ध्वनिमुद्रणाची तारीख आपल्याला ठाऊक आहे; ओव्या रचल्या गेल्या कधी?

ओवीची परंपरा किती मागे जाते याला जुने दाखले आहेत. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या शके १०५१च्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. कांडताना म्हटले आहे, दळताना नाही. पण श्रम, बाई आणि ओवी ही सांगड तेव्हापासून लेखी आहे. मुकुंदराजांचा ओवीबद्ध ‘विवेकसिंधु’ शके १११०चा मानतात आणि बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई हे त्याचे स्थळ सांगतात. काल आणि स्थळ दोन्हींवर अभ्यासकांत मतभेद आहेत, वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचाही दावा आहे. या पुराव्यांवर विसंबून आपण जात्यावरच्या प्रत्येक ओवीला ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतो.

भीमनगरच्या ओव्यांबाबत ते चालणार नाही. छंद आठ शतकांचा असेल, पण आशय तसा असूच शकत नाही. बाबासाहेबांचे नाव मराठवाड्यातल्या वस्त्यांत रुजले ते निजामी राजवटीच्या अखेरच्या दशकांत. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. रमाबाईंचे निधन त्याच वर्षी २७ मे रोजी झाले. तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी बसली आणि त्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे बौद्ध परंपरेतले नाव मिळाले. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. बुद्ध आणि भीमराव एकाच जात्यावर एकत्र येतात त्या ओव्या बहुधा या शेवटच्या तारखेनंतरच्या. ‘बहुधा’ एवढ्यासाठी, की मिलिंदच्या निमित्ताने बुद्धाचे नाव काही वर्षे आधी या भागात पोहोचले असण्याची शक्यता उरते.

म्हणजे अशा ओव्यांची खालची मर्यादा साधारण १९५६, वरची मर्यादा २ एप्रिल १९९६. मधली चाळीस वर्षे मराठवाड्यात शांत नव्हती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या सव्वादोन वर्षे आधी. त्या गळ्यांत त्या काळाचा किती भाग उतरला, हे एकेका ओवीच्या आशयावरून तपासावे लागेल. तारखांच्या जवळिकीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

आणखी एक पोकळी ध्यानात घ्यावी लागते. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि हंगाम संपला की परततात. एप्रिलच्या सुरुवातीला काही कारखान्यांचे गाळप अजून चालू असते. तेव्हा त्या मंगळवारी जिल्ह्यातल्या कित्येक गाणाऱ्या बायका उसाच्या फडात असणार. जे ध्वनिमुद्रित झाले ते घरी असलेल्यांचे गाणे आहे, सगळ्यांचे नाही.

ध्वनिफितींचा पुढचा प्रवास मात्र नीट नोंदलेला आहे. त्या आधी गुरुग्रामच्या लोकसंगीत संशोधन संग्रहात ठेवल्या गेल्या, पुढे बेल यांनी त्या फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सच्या डिजिटल संग्रहात नेल्या. मार्च २०१७ पासून ‘पारी’ने, म्हणजे पी. साईनाथ यांनी उभारलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने, या ओव्या आवाज, संहिता आणि भाषांतरासह सर्वांसाठी खुल्या केल्या. वस्तीतला आवाज जगापुढे यायला जवळपास एकवीस वर्षे लागली.

आता निष्कर्ष. भीमनगरच्या या ओव्या ‘अनामिक आणि अनादी’ या सदरात ठेवता येत नाहीत. पणजीच्या पणजीने त्या रचलेल्या नाहीत. १९९६ साली ज्या बायका त्या गात होत्या, त्यांनीच किंवा त्यांच्या आया-सासवांनी, शेजारणींनी त्या रचल्या. रचणारी एक विशिष्ट बाई होती आणि तिला नाव होते. नोंदीत गाणारीचा रकाना आहे. ओवी कुणाकडून आली, हा रकाना नाही. नोंदीतली ही एकच उणीव, पण तिच्यामुळे कवयित्री हरवली.

ही उणीव अजून थोडी भरून काढता येईल. बीड, परभणी, जालना, धाराशिव, कुठेही तुमच्या ओळखीत जात्यावर दळलेली बाई असेल, तर फोनवर तिची ओवी टिपून घ्या. नाव, गाव, वस्ती, तारीख लिहा. आणि शेवटी एक प्रश्न न विसरता विचारा: ही ओवी तुम्ही कुणाच्या तोंडून, कोणत्या साली, कोणत्या घरात ऐकली? उत्तर जसे मिळेल तसे, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.