अंधाराची बातमी

परवा नाईट शिफ्टला पहाटे तीन वाजता लख्ख ट्यूबलाइटखाली बसलो होतो, तेव्हा ही गोष्ट आठवली.

मेंदूतली पिनिअल ग्रंथी. देकार्तने तिला आत्म्याचं आसन म्हटलं होतं. १९१७ मध्ये मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी गुरांच्या पिनिअलचा अंश बेडूकमाशांना खाऊ घातला, तर त्यांची कातडी फिकट झाली! येलचे त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना वाटलं, यातून कोडावर औषध मिळेल. हजारो ग्रंथी गाळून १९५८ मध्ये त्यांनी मेलॅटोनिन वेगळं केलं. कोडावरचं औषध काही निघालं नाही.

पण १९६३ मध्ये वुर्टमन आणि ॲक्सेलरॉड यांनी उंदरांना सतत उजेडात ठेवलं, आणि मेलॅटोनिन बनवणारं एन्झाइम मंदावलं. डोळ्यांकडून येणारी बातमी तोडली की उजेडाचा परिणामही थांबला. म्हणजे सेन्सर डोळा. पिनिअल फक्त निरोप्या.

१९६५ मध्ये हॉफमन आणि रायटर यांनी हॅमस्टर जवळजवळ अंधारात ठेवले. नरांची वृषणं आक्रसली. पिनिअल काढलेल्यांना काहीच झालं नाही! पिल्लं कधी व्हायची, हेसुद्धा रात्रीची लांबी ठरवते तर.

मी आपला उठलो, अर्ध्या ट्यूब बंद केल्या.