राखून ठेवलेला दिवस

मागच्या उन्हाळ्यात आम्ही घरच्यांनी एक उद्योग केला. शहराबाहेर एक मोठं करमणुकीचं उद्यान आहे, त्याचे वर्षाचे पास काढले. माझा, लेकीचा, नातवाचा आणि सासूबाईंचा. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. पाळण्यात काही त्या बसणार नव्हत्या. झाडाखाली बसून कारंजं बघायचं आणि नातवंडांना ओरडताना ऐकायचं, एवढीच त्यांची हौस. पासचे पैसे एकदम भरले, म्हणजे आता वर्षभर दार आपलं, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

एका गुरुवारी सकाळी त्या म्हणाल्या, "आज गुडघा बरा आहे गं, जाऊन येऊ." आम्ही दशम्या बांधल्या, रिक्षा केली आणि पोचलो. दारावरच्या मुलाने पास पाहिला, फोनवर काहीतरी तपासलं आणि म्हणाला, "पास तो है अम्मा, आज का बुकिंग नै है." पास असला तरी यायचा दिवस आधी नोंदवावा लागतो, आणि त्या दिवसाच्या पासवाल्यांच्या जागा भरून गेल्या होत्या. तिकीट खिडकीवर मात्र नवीन तिकिटं विकणं चालूच होतं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पैसे भरले नं आपण? मग आता गुडघ्याचा मुहूर्त आठ दिवस आधी काढून ठेवायचा का?"

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पैसे आधी घ्यायचे आणि दार मात्र नंतर, त्यांच्या सवडीने उघडायचं, ही रीत आली तरी कुठून? म्हणून थोडं वाचलं, थोडं आठवलं. ते तुम्हाला सांगते.

वर्षाचा पास ही कल्पना आजची नाही. १८व्या शतकात लंडनमध्ये व्हॉक्सहॉल नावाची एक बाग होती. संध्याकाळी तिथे दिवे लागायचे, गाणं-बजावणं व्हायचं, लोक नटूनथटून फिरायला जायचे. एका वेळचा दर एक शिलिंग. नेहमी येणाऱ्यांसाठी अख्ख्या हंगामाचा चांदीचा बिल्ला मिळे. बागेच्या मालकाने हॉगार्थ या चित्रकाराला तर सोन्याचा बिल्ला दिला होता, कायमचा. त्यावर गाडीभर माणसं आत जात. तो बिल्ला आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बिल्ला दाखवला की दार उघडलं, संपला व्यवहार. कोणत्या दिवशी येणार, हे कुणी विचारत नव्हतं.

मग १८५१ साली लंडनलाच मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. काचेचा महाल उभारला होता. तिथेही हंगामी पास होते: पुरुषांना तीन गिनी आणि बायकांना दोन गिनी. १ मेच्या उद्घाटनाला फक्त हंगामी पासवाल्यांनाच प्रवेश होता, म्हणजे पास असणं हा मानच होता. पण मे महिना संपता संपता सोमवार ते गुरुवार एक शिलिंगाचे दिवस सुरू झाले. त्या दिवशी कामगार आले, गावाकडची माणसं आगगाडीने आली, मुलं कडेवर घेऊन बायका आल्या. पाच-साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर माणसांनी ते प्रदर्शन पाहिलं. ज्याला एरवी दार परवडलं नसतं त्याच्यासाठी दिवस राखून ठेवायचा, ही गोष्ट मला त्या काचेच्या महालापेक्षा मोठी वाटते.

आता आपल्या हैदराबादकडे येते.

इथे नामपल्लीजवळ बाग-ए-आम आहे. नावातच सगळं आलं: आम लोकांची बाग. याच बागेत १९३८ साली पहिली नुमाइश भरली. पूर्ण नाव 'नुमाइश मसनुआत-ए-मुल्की', म्हणजे आपल्या मुलखात तयार झालेल्या मालाचं प्रदर्शन. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधर तरुणांची ती कल्पना. संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती, त्यासाठी पैसा उभा करायचा होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उद्घाटन केलं. पहिल्या वर्षी नुमाइश दहाच दिवस होती. पुढे गर्दी बागेत मावेना, तेव्हा १९४६ मध्ये ती नामपल्लीच्या आजच्या मैदानावर गेली. १९४७ आणि ४८ या धामधुमीच्या वर्षांत भरली नाही. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून १ जानेवारी आली की हैदराबादच्या बायका विचारतात, "नुमाइश को कब जाना?" कोरोनाच्या २०२१ सालात ती भरली नाही, तर जानेवारी आल्यासारखा वाटला नाही.

आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही सगळी गावं एकाच रुळाने काचीगुड्याला जोडलेली. माझी आजी परभणीकडची. तिचा भाऊ इथे सुलतान बाजारात राहायचा. हैदराबाद म्हणलं की तिच्या डोळ्यांपुढे चारमिनार नाही, नुमाइश उभी राहायची. आणि नुमाइशीत एक दिवस बायकांचा. त्या दिवशी आत फक्त बायका आणि लहान मुलं. पडद्यातल्या मुसलमान घरच्या बायका, डोक्यावरून पदर घेतलेल्या आपल्या बायका, तेलुगू, मारवाडी, कायस्थ घरच्या, सगळ्या एका मैदानात.

आजी सांगायची, "माय, बाकीच्या दिवशी मामासोबत गेलो की त्यांच्या मागं मागं चालायचं. ते जिथं थांबतील तिथं थांबायचं. त्या दिवशी मात्र आम्ही बांगड्यांच्या दुकानात दोन घंटे बसलो. कोणी चल म्हणलं नाही." आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून ती दुपारीच जायची आणि दिवे लागायच्या आत परत यायची. दिव्यांची नुमाइश तिने कधी पाहिली नाही. पण तो दिवस तिचा होता.

त्या दिवसासाठी तिला नाव नोंदवावं लागलं नव्हतं. दिवस तिच्यासाठी राखलेला होता. तिने स्वतःसाठी तो आठवडाभर आधी राखायचा नव्हता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आपण दोन्हींना आरक्षण हाच एक शब्द वापरतो.

आणखी एक गोष्ट. नुमाइशीच्या तिकिटांतून आणि दुकानांच्या भाड्यातून जे उरतं त्यावर एक्झिबिशन सोसायटी शिक्षणसंस्था चालवते. त्यात मुलींचं सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आहे, मुलींसाठीच काढलेलं कमला नेहरू पॉलिटेक्निक आहे. म्हणजे बांगड्या घ्यायला गेलेल्या बायकांच्या तिकिटाचे पैसे फिरून मुलींच्या वर्गापर्यंत पोचले. दारावरचा पैसा कुठे जातो, हेही विचारण्यासारखं असतं.

मग पास असूनही दार बंद, ही तऱ्हा कधी आली? तिची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. कॅलिफोर्नियात १९५५ च्या जुलैमध्ये डिस्नेलँड उघडलं. पहिला दिवस निमंत्रितांचा. पण खोटी निमंत्रणं छापून घेऊन माणसं घुसली. सुमारे अठ्ठावीस हजार लोक आले आणि व्यवस्था कोलमडली. पुढे कित्येक वर्षं तिथे प्रत्येक खेळाचं वेगळं कुपन असे. १९८०च्या दशकात कुपनं गेली, एकच तिकीट आलं आणि वर्षाचे पासही आले. आपल्या मराठी मुली-सुना तिकडे आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी ते पास काढले. भारतातून आई-वडील आले की त्यांना कुठे न्यायचं, हा प्रश्न मिटायचा.

कोरोनात उद्यान बंद पडलं, जुने पास रद्द झाले. २०२१ मध्ये उघडल्यावर नवे पास आले, आणि त्यासोबत दिवस आधी नोंदवण्याची अट. सगळ्यांत महाग पास १,३९९ डॉलरचा. त्याला वर्षातला एकही दिवस वर्ज्य नाही, असं सांगितलं होतं. पण नोंदणी करायला गेलं की त्या दिवशीच्या पासवाल्यांच्या जागा संपलेल्या, आणि एका दिवसाची तिकिटं मात्र विक्रीला. एका पासधारक बाईने कोर्टात दावा लावला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ती रक्कम लाखभर पासधारकांत वाटायची ठरली. एकेकीच्या हातात साठ-सत्तर डॉलर आले असतील. रक्कम लहान, पण आमच्या सासूबाईंनी दारात विचारलेला प्रश्न तिथे कोर्टात विचारला गेला, आणि त्याचं उत्तर द्यावं लागलं.

नोंदणी मुळातच वाईट, असं मला म्हणायचं नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोजच्या माणसांची संख्या ठरवून दिली, ऑनलाइन नोंदणी ठेवली, ते बरंच झालं. नाहीतर आपल्याच पायांखाली ती फुलं संपली असती. तिरुमलाला तीनशे रुपयांच्या दर्शनाची वेळ आधी घेतली की म्हातारी माणसं तासन्‌तास उभी राहत नाहीत. आणि इथेच ज्युबिली हिल्सला केबीआर उद्यान आहे. सकाळी चालायला येणारे तिथे वर्षाचा पास काढतात. माझी एक मैत्रीण रोज जाते. तिला कुणी उद्या येणार का, असं विचारत नाही. पास दाखवायचा, आत जायचं, मोर बघत चालायचं. पास म्हणजे असा असावा.

तेव्हा प्रश्न नोंदणीचा नाही. नोंदणी कुणाच्या सोयीसाठी आहे, हा प्रश्न आहे. फुलांसाठी असेल तर आपण दहा दिवस थांबू. म्हाताऱ्या माणसांसाठी असेल तर आनंदाने थांबू. पण पैसे आधीच आलेल्या माणसाला बाहेर ठेवून त्याची जागा नव्याने विकायची, हा दुकानदाराचा हिशेब झाला.

यात बाई सगळ्यांत आधी अडते. का, ते बघा. पुढच्या गुरुवारी तू मोकळी आहेस का, याचं उत्तर घरातल्या किती जणी देऊ शकतात? मुलाला ताप येतो, पाहुणे येतात, कामवाली येत नाही, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असतं. आपली सुट्टी ठरवून येत नाही, ती मधेच सापडते. सकाळी दहा वाजता कळतं की आज दुपार रिकामी आहे. पुरुषाची रजा कॅलेंडरवर असते. आपली सगळ्यांची कामं उरकल्यावर जी उरते ती. वर्षाच्या पासात खरी सोय हीच होती, की सापडलेली दुपार वाया जाऊ नये. नोंदणीच्या अटीने नेमकी तीच दुपार काढून घेतली. शिवाय ती नोंदणी फोनवर, इंग्रजीत, आणि ओटीपी येतो तो मुलाच्या नंबरवर. म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मागं मागं चालणं आलं.

म्हणून मैत्रिणींनो, पास काढताना मी आता तीन गोष्टी विचारते, तुम्हीही विचारा. दिवस आधी नोंदवावा लागतो का? पासवाल्यांसाठी रोज वेगळ्या जागा किती? आणि म्हातारी माणसं, अपंग आणि लेकुरवाळ्या बायका न सांगता आल्या तर त्यांच्यासाठी काही जागा दारावर राखलेल्या आहेत का? उत्तरं लेखी घ्या. नाही मिळाली तर रोजचं तिकीट बरं, निदान त्यात फसगत तरी नाही. आणि आपल्या मंडळांच्या सहली काढतानाही हेच ध्यानात धरा. आपणही 'नावं आठ दिवस आधी द्या' म्हणतो आणि जिला शेवटच्या दिवशी जमतं तिला मागे ठेवतो. बसमध्ये दोन जागा अशा बाईसाठी मोकळ्या सोडायला काय हरकत आहे?

त्या गुरुवारी आम्ही दारातून परत फिरलो. सासूबाई म्हणाल्या, "आता दशम्या घरी न्यायच्या का?" मग आम्ही रिक्षा बाग-ए-आमकडे वळवली. तिथे ना पास लागला, ना नोंदणी. झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. नातवाला मी समोरची हिरवळ दाखवली आणि सांगितलं, तुझ्या खापरपणजीची नुमाइश आधी या बागेत भरायची. त्याने विचारलं, "मग आता कुठे भरते?" जानेवारीत बायकांच्या दिवशी त्याला न्यायचं ठरवलंय. तो अजून लहान आहे, त्याला आत सोडतील. सासूबाईही येणार आहेत, गुडघा बरा असला तर. आणि नसला, तर नुमाइश पुढे महिनाभर असतेच.