मचूळ पाणी आणि लोखंड : साताऱ्या-सांगलीची एक बाजू

कारखान्यांचा इतिहास सांगताना आपण संस्थापक सांगतो, पहिलं यंत्र कधी निघालं ते सांगतो. पण त्या यंत्राला पुढे गंज कसा लागला, हे सहसा कोणी सांगत नाही. मंडळी, आज तेवढंच बोलू.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले. बिडाचे नांगर ते आधीपासून करत होते. शेतकरी मात्र म्हणत, लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पुढे तिथेच पंप निघाले. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930च्या दशकात डिझेल इंजिनं होऊ लागली. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, बरं का. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं.)

इंजिन-पंपांनी कृष्णेचं पाणी उचललं, ऊस आला. पाणी भरमसाट, निचरा नाही. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या काळ्या रानात खालचे क्षार वर आले, जमिनी क्षारपड झाल्या. विष लोखंडात नव्हतं, बेसुमार पाण्यात होतं.

आता हेच मचूळ पाणी पंपाच्या पोलादी दांड्यावर, पाइपांवर परत येतं. आणि गंजायला समुद्र लागत नाही, थोडं मीठही पुरतं. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी 1920च्या दशकात लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवलं. थेंबात रंग दाखवणारी रसायनं घातली, तर मधोमध निळा रंग येतो, कडेला गुलाबी. कडेला हवेतला ऑक्सिजन पोचतो, मध्ये पोचत नाही. म्हणून मध्ये लोखंड विरघळतं. एका थेंबात विजेचा घट! मीठ दोन कामं करतं : पाण्यातून वीज वाहू देतं, आणि त्यातला क्लोराइड लोखंडावरचा पातळ संरक्षक पापुद्रा फोडतो.

गंजरोधक हा पापुद्रा टिकवतात. क्रोमेट, नायट्राइट ही त्यातली जुनी नावं. पण इथे मेख आहे. क्लोराइडच्या मानानं क्रोमेट कमी पडलं, तर बहुतेक पृष्ठभाग सुरक्षित राहतो आणि चार-दोन ठिपके उघडे राहतात. साऱ्या पृष्ठभागाचा भार त्या ठिपक्यांवर येतो, आणि पत्रा सरसकट झिजण्याऐवजी तिथे आरपार भोक पडतं. एकूण गंज कमी, पण पाइप मात्र गळका! अशा गंजरोधकांना म्हणूनच धोकादायक म्हणतात. माझ्या मते काटकसरीच्या नावाखाली अर्धा डोस घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

शेतावर तर आणखी एक अडचण. जिथे पंपाचंच पाणी इंजिन गार करून पुढे पाटात जातं, तिथे औषध घालायचं कुठे? घातलं तर ते उसाला जाणार. जिथे तेच पाणी पुन्हापुन्हा फिरतं, रेडिएटरमध्ये किंवा कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्ये, तिथेच गंजरोधकाचा हिशोब जमतो. तिथेही क्रोमेट मागे पडलं, कारण त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. अमेरिकेत 1990 नंतर कूलिंग टॉवरमध्ये त्यावर बंदी आली. त्याच्या जागी फॉस्फेट, मोलिब्डेट, जस्ताचे क्षार आले. त्यांचंही तसंच : आधी पाण्यातला क्लोराइड मोजायचा, मग मात्रा ठरवायची. आणि क्षारपड भागात हे मोजणं वारंवार करावं लागतं, कारण विहिरीचं पाणी उन्हाळ्यात एक असतं, पावसाळ्यात दुसरं.