निस्तार आणि निस्तरणे : पूर्व विदर्भातील तलावरक्षणाचा इतिहास

वर्धा नदीच्या अलीकडे मारेगाव आणि पलीकडे वरोरा. मध्ये केवळ एका नदीचे पात्र आहे. परंतु महसुलाच्या इतिहासात ही नदी दीर्घकाळ दोन भिन्न व्यवस्थांची सीमा होती. मारेगावचा प्रदेश वऱ्हाडातील वणी जिल्ह्यात मोडत असे. १९०५ साली या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सरकारचा व्यवहार एकेका खातेदाराशी असे. पलीकडील चांदा जिल्ह्यात, नागपूर राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाल्यानंतर, मालगुजारीची बंदोबस्ती झाली. तेथे मालगुजारामार्फत सबंध गावाशी व्यवहार होई. अलीकडे काळी कापसाची जमीन, पलीकडे धानाचा आणि तलावांचा मुलूख. हा भेद मुळात भूमीचा आणि पर्जन्याचा आहे, कायद्याने तो निर्माण केलेला नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तथापि तलाव कोणी राखावा, या प्रश्नाचे उत्तर भूमी देत नाही. ते समाज आणि त्याचा कायदा देतात. प्रस्तुत लेखात या उत्तराचा मागोवा एका शब्दाच्या आधारे घ्यावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘निस्तार’.

चांदा, भंडारा या भागांतील तलावांचा आरंभ गोंड राजवटीत शोधावा लागतो. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन इनाम मिळेल, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते, अशी परंपरा आहे. या कामात कोहळी समाजाने विशेष कौशल्य मिळविले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या जातिविषयक ग्रंथातही तलाव बांधणारे म्हणूनच त्यांची ओळख आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हे त्यांच्या कर्तृत्वाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे मानतात. तलाव बांधणारा पुढे कोलासूर या नावाने देवपदास पोहोचला आणि तलावाकाठी त्याचे ठाणे झाले. ज्याने पाणी अडविले तोच पाण्याचा राखणदार झाला, ही लोकमानसाची संगती अर्थपूर्ण आहे.

या तलावांची परिभाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. बांधास ‘पार’, पाणी सोडण्याच्या मोरीस ‘तुडुम’, जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेस ‘सलंग’ आणि लहान तलावास ‘बोडी’ म्हणतात. ‘तुडुम’चे तेलुगूतील ‘तूमु’ या मोरीवाचक शब्दाशी काही साम्य दिसते; परंतु केवळ साम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे धाडसाचे होईल. एवढे मात्र खरे की, ही शब्दसंपत्ती तलावाच्या प्रत्येक अवयवास वेगळे नाव देते. जेथे प्रत्येक अवयवाची देखभाल कोणा ना कोणाकडे असते, तेथेच अशी नावे टिकतात.

मालगुजारी बंदोबस्ताच्या वेळी गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदल्या गेल्या. गावकऱ्यांनी सरपण कोठून आणावे, गुरे कोठे चारावी, तलावाचे पाणी कोणत्या क्रमाने घ्यावे, हे सारे ‘निस्तार’ या सदरात येई. निस्‌ आणि तृ यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘तरून जाणे, पार पडणे’ असा आहे. मध्यप्रांताच्या महसुली भाषेत तो ‘निर्वाहासाठी सामाईक साधने वापरण्याचा हक्क’ या अर्थी स्थिरावला. याउलट आपल्या नित्याच्या मराठीत ‘निस्तरणे’ म्हणजे अंगावर आलेले काम, बहुधा आपणच करून ठेवलेला घोळ, पुरा करून टाकणे. एकाच मुळापासून एकीकडे हक्काचा आणि दुसरीकडे जबाबदारीचा अर्थ निघाला. जुन्या तलावव्यवस्थेत मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. जो पाणी घेई तोच उन्हाळ्यात गाळ काढी. तो गाळ शेतात पडे. त्यामुळे तलाव खोल राही आणि बांधी सुपीक होई.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पारेवरील श्रमात वेठीचा अंश होता, मालगुजाराचा वरचष्मा होता, आणि तलावातून मासळी काढणाऱ्या ढिवर समाजाचा तलावाच्या कारभारातील आवाज क्षीणच होता. मालगुजारी जाणे न्याय्य होते. १९५० च्या मध्यप्रदेश स्वामित्वाधिकार निर्मूलन अधिनियमान्वये ३१ मार्च १९५१ रोजी ती गेली आणि तलाव शासनाच्या स्वाधीन झाले. निस्ताराचा हक्क कागदावर राहिला. निस्तरण्याचे काम मात्र कोणाचेच राहिले नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. तलावांपैकी मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, अशी वाटणी झाली. शासनदरबारी ‘माजी मालगुजारी तलाव’ हे लांब नाव आखडून ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या सुमारे सात हजार सांगितली जाते. नावात जवळचे नाते आले, परंतु प्रत्यक्षात तलाव परका झाला.

या परकेपणाचे परिणाम पाण्यात दिसू लागले. गाळ साचून तलाव उथळ झाले. काठाने बेशरम माजली. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली बाहेरून आणून सोडण्यावर भर राहिला आणि स्थानिक मासळी दुर्लक्षिली गेली. मासा अंडी घालतो तो पाणवनस्पतींच्या आश्रयाने; पाणपक्षी जगतात ते त्याच वनस्पतींवर, किड्यांवर आणि मासळीवर. वनस्पती गेल्या की ही साखळी तुटते आणि गढूळ पाणी निवळेनासे होते.

या स्थितीत जो पालट घडला, तो ज्यांचा आवाज जुन्या व्यवस्थेत क्षीण होता त्यांच्याकडूनच घडला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाची वाटावी. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने, तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांच्या पारंपरिक ज्ञानासच अभ्यासाचा पाया मानले. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात वाढते, कोणता मासा तिच्या आश्रयास येतो, हे वृद्ध मच्छीमारांना ठाऊक होते. त्यानुसार बेशरम उपटून काढण्यात आली; उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून पावसाळ्याच्या तोंडी स्थानिक पाणवनस्पती लावण्यात आल्या; स्त्रियांचे गटही या कामात उतरले. स्थानिक मासळी वाढली आणि तिच्यामागे पक्षीही परतू लागले. महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच आढळणारा सारस अशाच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर अवलंबून आहे.

शहरातील तलावाची कथा वेगळी आहे. चंद्रपूरचा गोंडकालीन रामाळा तलाव सांडपाण्याने आणि जलपर्णीने ग्रासला, तेव्हा इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला. गावात जे काम हातांनी करता आले, ते शहरात शासनाकडे मागावे लागले. कारण सांडपाण्याची नाली एखाद्या गटास स्वतःच्या श्रमाने वळविता येत नाही. समाजाच्या प्रयत्नांची मर्यादा येथे स्पष्ट होते.

कायद्याने मात्र अलीकडे एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात ‘निस्तार’ हा शब्द, तसेच जलाशयांतील मासळी व अन्य उत्पन्नावरील सामूहिक हक्क, स्पष्टपणे आले आहेत. आणि पाचव्या कलमात वन्यजीव, पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस व हक्कधारकांस दिलेला आहे. हा कायदा वनभूमीपुरता आहे. तरीही १९५१ मध्ये विलग झालेले हक्क आणि कर्तव्य त्यात पुन्हा शेजारी आले आहेत.

येथे आपण नदीच्या अलीकडे परत येतो. मारेगाव तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाच्या चौथ्या कलमानुसार अशा क्षेत्रातील लघु जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतीकडे सोपवावयाचे आहे. येथे मालगुजारीची परंपरा नव्हती. तिची आवश्यकताही नाही. अर्जुनी-मोरगावच्या ढिवरांनाही तलाव वारसाहक्काने मिळाले नव्हते. त्यांनी ते कामाने आपले केले. वहिवाट जुनी असल्यानेच टिकते हा समज त्यांच्या उदाहरणाने दूर होतो. वहिवाट आजही सुरू करता येते. मात्र निस्तार मागणाऱ्याने निस्तरण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. दोन्ही अर्थ ज्या गावाच्या व्यवहारात एकत्र येतील, त्या गावाचे पाणी निवळ राहील.