कोलारची रिकामी नोंदवही

न्यूट्रिनोच्या इतिहासात कोलारचं नाव निघतं ते बहुधा ‘पहिलं कोण’ या वादापुरतं. वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा 1965 साली दोन सोन्याच्या खाणींत सापडल्या. फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाला दक्षिण आफ्रिकेत पहिली नोंद फेब्रुवारीतच मिळाली होती. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहम यांच्या कोलारमधल्या प्रयोगाचा निबंध मात्र ऑगस्टमध्ये त्यांच्याआधी छापून आला. निवाडा कुणाच्याही बाजूने द्या. कोलारचं मोठं काम त्याआधीच झालं होतं. वैश्विक किरणांतले म्युऑन किती खोल पोचतात हे मोजत शास्त्रज्ञ खाणीत उतरत गेले आणि पावणेतीन किलोमीटरवर, दोन महिने उपकरण चालवूनही, हाती एकही म्युऑन लागला नाही. एरवी कपाळाला हात लावावा असा हा निकाल. पण वरून येणारा म्युऑन इथे पोचत नसेल, तर पुढे जो दिसेल तो न्यूट्रिनोनेच जवळच्या खडकात घडवलेला असणार, हे त्या शून्यानेच सांगितलं.

मग उपकरणाची रचनाही पालटली. उरलेसुरले म्युऑन जवळपास सरळ वरून येतात; न्यूट्रिनोला मात्र पृथ्वीची जाडी अडवत नाही, तो कुठल्याही दिशेने येतो. म्हणून सिंटिलेटर आणि निऑन नळ्यांच्या भिंती उभ्या केल्या, आडवे जाणारे कण टिपायला. उपकरण लहान असलं तरी लक्ष्य होता भोवतालचा खडक, कारण जोरकस म्युऑन खडकातून शेकडो मीटर कापत येतो.

यावर रास्त आक्षेप असा, की नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि आकाशातून किती न्यूट्रिनो येतात हा आकडाही अंदाजाचाच. ब्रुकहेवनच्या त्वरकाने तर 1962 मध्येच दुसऱ्या जातीचा न्यूट्रिनो ओळखला होता. नेमकेपणात कोलार मागे पडतं, हे कबूल. पण तेव्हाच्या त्वरकांचे न्यूट्रिनो कमी ऊर्जेचे होते. ऊर्जा वाढेल तशी पदार्थाशी क्रिया होण्याची शक्यता वाढतच जाते की कुठे थांबते, हा प्रश्न खुला होता आणि त्या पल्ल्याचे न्यूट्रिनो फक्त आकाशच पुरवत होतं. त्यासाठी लागणारी खोली सोन्याच्या धंद्याने आयती दिली होती. 2001 मध्ये कोलारची खाण बंद झाली. आज जादुगुड्याच्या युरेनियम खाणीतली प्रयोगशाळा जेमतेम साडेपाचशे मीटर खोल आहे.