पानामागचा कागद

वैशाखाच्या उन्हात देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातून जाणाऱ्यास पहाटेच माणसांच्या रांगा रानाकडे वळताना दिसतात. तेंदूचे पान तोडण्याचा हा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. सत्तर पानांचा एक पुडा आणि एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हा त्याचा हिशेब. पुढे हेच पान विडीचे वेष्टन होते. मात्र या पानामागे एक कागदही असतो आणि त्या कागदाला मोठा इतिहास आहे, याची जाणीव आपणांपैकी थोड्यांनाच असते.

इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या काळी गावालगतचे पुष्कळसे जंगल मालगुजारांकडे होते. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेमुळे गोंदियाचा माल दूरवर जाऊ लागला आणि वनोपजाला बाजार मिळाला. करार होई तो मालगुजार आणि व्यापारी यांच्यात. १८७२ च्या करार कायद्याने उभय पक्षांची मुक्त संमती आवश्यक मानली होती. पण ज्याच्या बोटांनी पान खुडले जाई, तो मुळी पक्षच नव्हता. मग त्याची संमती विचारणार कोण?

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि ते जंगल सरकारकडे गेले. पुढे महाराष्ट्राने १९६९ साली वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला. वनविभाग जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करू लागला. मजुरीचा दर ठरू लागला, हा लाभ खरा. परंतु कागदावर सह्या दोघांच्याच राहिल्या, शासनाची व ठेकेदाराची. तोडणारा पूर्वीप्रमाणेच तिसरा.

येथे परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाचे स्मरण होते. मालक व मजूर यांनी राजीखुशीने करार केला, एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. संमतीहून थोर असा निसर्गदत्त न्याय आहे, ही त्यातील शिकवण. भुकेपोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला आणि चित्र पालटले. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने पेसा कायद्याचा आधार येथे नव्हता. पण वनहक्क कायद्याने आदिवासींना व इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजाची मालकी दिली. तेंदूपान त्यातच येते. पुढे जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी स्वतः लिलाव पुकारून पान विकण्यास आरंभ केला. आजवरचा तिसरा माणूस विक्रेता म्हणून सही करू लागला.

सहीबरोबर जबाबदारीही आली. संकलन केंद्रावर, म्हणजे फळीवर, पुडे वाळत पडलेले असता अवकाळी पाऊस आला तर नुकसान कोणाचे? १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की, वेगळे काही ठरले नसेल तर मालाची मालकी ज्याची, जोखीमही त्याची. म्हणून मोजणी होताच मालकी खरेदीदाराकडे जाते की गोण्या भरून उचलल्यावर, हे एक वाक्य करारात नसेल तर अख्ख्या गावाची मेहनत एका सरीत वाहून जाऊ शकते. तसेच पुडा किती पानांचा, खराब पान कोणी व केव्हा बाजूला काढायचे, अनामत किती, पैसे किती हप्त्यांत व कोणत्या तारखांना, आणि तंटा झाल्यास निवाडा कोण करणार, हे सारे लिहिलेले असावे. ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविले जावे आणि मगच सही व्हावी. अंगठा उठविणाऱ्यालाही आपण कशावर अंगठा उठवितो ते कळले पाहिजे.

व्यवहाराचा कागद ही धर्माला परकी गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. यरुशलेमला वेढा पडलेला असताना यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. साक्षीदारांसमक्ष खरेदीखत झाले. त्याची एक प्रत मोहोरबंद, दुसरी उघडी. दोन्ही बारूखाने मातीच्या भांड्यात ठेवल्या, कारण ती पुष्कळ दिवस टिकावयाची होती. देश बुडत असता केलेला तो करार म्हणजे आशेची कृती होती: या भूमीत पुन्हा घरे, शेते व मळे विकत घेतले जातील, यावरचा विश्वास.

अनुवाद ग्रंथात तर मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण त्याचे मन तिच्यात गुंतलेले असते. आपल्या धर्मग्रामांतील शिकलेल्या मुलामुलींनी हंगामापूर्वी एक संध्याकाळ काढून शेजारच्या ग्रामसभेचा करारनामा वाचून समजावून दिला, तर ती या आज्ञेचीच सेवा होईल. पान वाळते, विडी जळून जाते. कागद मात्र राहतो. त्या कागदावर तोडणाऱ्याचेही नाव आले आहे. आता त्या नावाला न्याय मिळावा.