जनपद सभा
जनपद सभा : मध्य प्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांतातील तालुका पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्था. १९४८ च्या स्थानिक शासन अधिनियमान्वये जिल्हा कौन्सिल व लोकल बोर्ड ही ग्रामीण भागातील द्विस्तरीय रचना मोडण्यात आली व तिच्या जागी प्रत्येक तालुक्यास एकच सभा देण्यात आली. विदर्भात ही संस्था १९६२ पर्यंत अस्तित्वात होती.

वऱ्हाडात जिल्हा व तालुका बोर्डांची सुरुवात १८८५ च्या ग्रामीण बोर्डविषयक कायद्याने झाली. पुढे मध्य प्रांताचा १९२० चा स्थानिक स्वराज्य अधिनियम तेथेही लागू करण्यात आला. या रचनेत लोकल बोर्ड लोकांच्या जवळचे होते. परंतु पैसा व अधिकार जिल्हा कौन्सिलच्या हाती राहिले. बोर्डाला बहुतांशी कौन्सिलचा अडत्या म्हणूनच वावरावे लागे.

या अंतराचा अर्थ वरवट बकालसारख्या गावावरून ध्यानात येतो. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव आज संग्रामपूर तालुक्यात असले, तरी त्या काळी ते जळगाव (जामोद) तालुक्यात होते. आणि तो तालुकाही १९०५ पूर्वी अकोला जिल्ह्याचा भाग होता. गाव पूर्णेच्या उत्तरेस, सातपुड्याच्या बाजूच्या काळ्या जमिनीच्या सपाटीवर. जिल्ह्याचे ठाणे नदीपलीकडे, दक्षिणेस घाटावर. शाळा, विहीर वा गाडीवाट यांविषयीचा निर्णय तेथे व्हावयाचा आणि गावकऱ्यांचे नेहमीचे जाणे-येणे मात्र तालुक्याच्या गावी. तालुका हेच स्वराज्याचे स्वाभाविक क्षेत्र, या विचारास असा भौगोलिक आधार होता.

योजनेचे जनक द्वारकाप्रसाद मिश्र. १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खाते त्यांच्याकडे होते. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने योजना मागे पडली व स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अंमलात आली. बुलढाणा जिल्ह्यात त्या वेळी चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव व जळगाव असे पाच तालुके होते. केवळ एक स्तर कमी करणे एवढाच मिश्रांचा हेतू नव्हता. सरकारी प्रशासन आणि लोकनियुक्त संस्था यांतील दुजाभाव नाहीसा करून तालुक्याचा कारभार क्रमाक्रमाने सभेकडे सोपवावा, अशी त्यामागील कल्पना होती. म्हणून महसूल खात्यातील वरिष्ठ अधिकारी सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्यात आला आणि सभेत ग्रामीण भागाबरोबर शहरी भागालाही प्रतिनिधित्व मिळाले. गावपातळीवर १९४६ च्या कायद्यान्वये ग्रामपंचायती होत्याच.

प्रत्यक्षात अपेक्षित अधिकार सभांकडे फारसे आलेच नाहीत. जमीन महसुलावरील उपकर व सरकारी अनुदान यांवर त्यांची मदार होती. शिवाय जिल्ह्याचे उत्पन्न तालुक्यातालुक्यांत विभागले गेल्याने सधन व निर्धन तालुक्यांतील विषमता झाकणारी जिल्हा संस्था उरली नाही. योजनेतील खरी उणीव ही होती. तालुका हे क्षेत्र निवडण्यात चूक झाली, असे म्हणता येत नाही. वेल्स व स्कॉटलंडमध्ये १९९६ मध्ये द्विस्तरीय परिषदांऐवजी अनुक्रमे २२ व ३२ एकस्तरीय परिषदा स्थापन झाल्या. तेथेही आकारमान आणि जवळीक यांचा हाच पेच होता.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल सादर केला. पश्चिम महाराष्ट्रातील लोकल बोर्डे, मराठवाड्यातील जिल्हा बोर्डे व विदर्भातील जनपदे अशा तीन परंपरा तिच्यापुढे होत्या. समितीने जिल्हा परिषदेस प्रमुख स्थान दिले व तदनुसार केलेला अधिनियम १ मे १९६२ रोजी अंमलात आला. जनपदे बरखास्त झाली आणि तालुका पातळीवर पंचायत समित्या आल्या. वरवट बकालचा कारभार पुन्हा बुलढाण्याशी जोडला गेला, मात्र या वेळी पंचायत समितीच्या द्वारे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या राज्यांत गाव, मध्यम व जिल्हा असे तीन स्तर बंधनकारक केले. त्यामुळे अशा राज्यांत जिल्हा स्तर वगळण्याचा मार्ग बंद झाला. गोव्यात मध्यम स्तर नाही. ‘जनपद’ हे नाव मध्य प्रदेश व छत्तीसगढ येथे मधल्या स्तरावरील जनपद पंचायतींच्या रूपाने टिकून आहे.